मंगळवारी ओळख दाखवायची नाही

आमच्या काऊंटरच्या खालच्या खणात लोक विसरून गेलेल्या वस्तू ठेवलेल्या आहेत. तीन चष्मे, पाच-सहा दुपट्टे, एक टिफिनचं झाकण आणि एक कवळी. कवळी न्यायला अजून कुणी आलेलं नाही. मालकाचं जेवण कसं चालतं कोण जाणे. किस्सेही असेच साचत गेले. लोक सांगायला म्हणून सांगत नाहीत, बोलता बोलता मागे ठेवून जातात. खण भरला की काहीतरी बाहेर काढावंच लागतं.

मी गोंदियात एका मानसोपचारतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये बसते. नंबर देते, फाईल काढते, नाव पुकारते. नर्स नाही, तरी अर्धे पेशंट मला "सिस्टर" म्हणतात. माझं नाव रूथ. रविवारी मी मुर्रीकडच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर असते. मंडळी म्हणजे सत्तर-ऐंशी माणसं. काही रेल्वेतली, काही शाळेतली, काही पार केशोरीकडून दोन गाड्या बदलून येणारी. उपासना अर्धी मराठीत, अर्धी हिंदीत.

आता एवढ्याशा मंडळीतली माणसं एवढ्याशा शहरात मनाच्या डॉक्टरकडे आली, तर काऊंटरवर कोण भेटणार? मीच. म्हणून मी पहिल्या वर्षीच एक नियम केला. समोरच्याने ओळख दाखवली तरच आपण दाखवायची. अकरा वर्षांत हा नियम मोडलेला नाही. इथे ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना विचारून लिहिलंय आणि नावं बदलली आहेत. एक जण नको म्हणाले. त्यांचा किस्साही चांगला होता, पण नको म्हणजे नको.

*

पीटरकाका आमच्या मंडळीतले पंच. करड्या मिशा, कडक इस्त्री, उपासनेला कुणी पाच मिनिटं उशिरा आलं की मान वळवून बघणार. एका मंगळवारी ते क्लिनिकमध्ये आले ते डोक्यावर हेल्मेट घालून. मला वाटलं आत आल्यावर काढतील. नाही काढलं. काच खाली ओढलेली. काऊंटरशी वाकून त्यांनी नाव सांगितलं, "रमेश."

मी लिहिलं, रमेश. ते जाऊन कोपऱ्यात बसले. एप्रिल महिना होता, गोंदियाचा एप्रिल. शेजारचा पेशंट हळूच उठून दुसऱ्या बाकावर गेला.

दहा मिनिटांनी एक बाई आल्या. आमच्याकडे उन्हाळ्यात बायका दुपट्टा असा गुंडाळतात की फक्त डोळे दिसतात, तशा. मी डोळ्यांवरून ओळखलं. आमच्याच चर्चच्या सरोज मॅडम, बिरसीकडच्या एका शाळेत शिकवतात. त्यांनी नाव सांगितलं, सुनंदा. आणि सगळी खोली सोडून नेमक्या हेल्मेटशेजारी जाऊन बसल्या.

थोड्या वेळाने मी पुकारलं, "रमेश." कुणी उठेना. पुन्हा पुकारलं. हेल्मेट शांतपणे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतं. काका स्वतःचं नवीन नाव विसरले होते. माझा तर नियम. मी तिसऱ्यांदा पुकारलं, जरा मोठ्याने.

तेव्हा दुपट्ट्यातून आवाज आला, "पीटरकाका, तुमचाच नंबर असेल."

नंतर मी सरोज मॅडमना विचारलं, हेल्मेटमधून ओळखलं कसं. त्या म्हणाल्या, खोकल्यावरून. बारा वर्षं त्यांच्या मागच्या बाकावर बसते आहे.

*

काकांचा त्रास घबराटीचा होता, तो तसा लवकर आटोक्यात आला. सरोज मॅडमचं दुखणं खोल होतं. दीड वर्षापासून त्यांना कशातच काही वाटत नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, दोन महिन्यांत त्या पुन्हा शाळेत जायला लागल्या. आणि नेमक्या त्याच सुमारास आमच्या पास्टरांनी एक संदेश दिला. ज्याचा विश्वास पक्का, त्याला मनासाठी गोळी लागत नाही, असं ते वेदीवरून बोलले.

पास्टर वाईट माणूस नाहीत. पश्चिम महाराष्ट्रातून इकडे आलेले, पन्नाशीचे, शांत. त्यांनी कुणाला डोळ्यांसमोर ठेवून हे म्हटलं नव्हतं. पण सरोज मॅडमनी त्या दिवशी घरी जाऊन गोळ्या बंद केल्या.

महिनाभरात त्या अंथरुणाला खिळल्या. अंघोळ नाही, बोलणं नाही. त्यांच्या नवऱ्याने पास्टरांना बोलावलं. पास्टरांनी जाऊन आजाऱ्याला लावतात तसं कपाळाला तेल लावलं, डोक्यावर हात ठेवून तासभर प्रार्थना केली. मॅडम भिंतीकडे बघत राहिल्या. निघताना नवऱ्याने दारात सांगितलं, की तुमचा संदेश ऐकून हिने औषध सोडलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. सकाळी क्लिनिक उघडायला गेले तर पास्टर पायरीवर बसलेले. मी नियमाप्रमाणे तोंड वळवलं. ते म्हणाले, "रूथताई, ओळख दाखवा. मी लपून आलेलो नाही."

त्यांनी रीतसर नंबर घेतला आणि दोन तास बसले. मांडीवर डायरी, त्यात प्रश्न लिहून आणलेले. आतून बरंच बोलणं ऐकू येत होतं. डॉक्टर आमचे पोवार समाजाचे, देवळात जाणारे, पण प्रश्न विचारायची त्यांनाही फार हौस. औषधाने माणूस देवाला विसरतो का, असं पास्टरांनी विचारलं. डॉक्टरांनी उलट विचारलं, की तुमच्यात तेल नेमकं कुठलं लावतात. शेवटी पास्टरांनी विचारलं, की औषध चालू असताना प्रार्थना केव्हा करावी. डॉक्टरांना वाटलं हाही डोसचाच प्रश्न आहे. म्हणाले, "गोळी रात्री जेवणानंतर. प्रार्थनेची वेळ मी कोण ठरवणार?"

मॅडमची गोळी पुन्हा सुरू झाली. दीड-दोन महिन्यांनी त्या दाखवायला आल्या तेव्हा पास्टरही आले होते, आणि दोघं क्लिनिकच्या बाकांवर समोरासमोर बसले होते. पास्टरांनी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनीच थांबवलं. म्हणाल्या, "विश्वास कमी नव्हता, पास्टर. 'हे आमच्या पित्या' एवढं म्हणायलाही तोंड उघडत नव्हतं. गोळीने तेवढंच केलं. तोंड उघडलं."

पास्टरांनी हे डायरीत लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी ते वेदीवर उभे राहिले, माईक तपासला, आणि म्हणाले, की मी इथूनच एक चुकीची गोष्ट सांगितली होती, त्यामुळे एका माणसाला त्रास झाला, मी त्यांची आणि तुमची क्षमा मागतो. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.

उपासना सुटल्यावर दोन म्हाताऱ्या मला बाजूला घेऊन गेल्या. दोघींचे डोळे भरलेले. एक म्हणाली, "बदली झाली का जी पास्टरची? येवढं नरम बोलून राहिले म्हणून इचारतो."

*

त्यानंतर पास्टरांना प्रश्न विचारायचं वेडच लागलं. आधी कुणी म्हटलं, की अमक्याच्या अंगात काहीतरी आहे, तर ते लगेच प्रार्थनेला बसत. आता आधी विचारायचे. झोप किती, जेवण कसं, कधीपासून.

केशोरीच्या मार्थाबाईंकडे त्यांनी असंच केलं. साठीच्या बाई. धानाच्या रोवणीच्या दिवसांत शेताच्या बांधीत वाकलेल्या असताना त्यांना आवाज ऐकू यायला लागला. घरात दोन पक्ष पडले. दीर म्हणाला, सैतान आहे. मार्थाबाई म्हणाल्या, देव आहे. सुनेचं मत कुणी विचारलं नाही; आवाज यायला लागल्यापासून तिच्या हातचं त्या खात नव्हत्या. तीन महिन्यांत बाईंचं पोट पाठीला लागलं होतं. स्वतः भाजून घेतलेले शेंगदाणे तेवढे खायच्या.

पास्टर त्यांना आमच्याकडे घेऊन आले. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या. बाईंनी पाकीट हातात घेतलं आणि बाहेर येऊन माझ्यासमोरच बसल्या. गोळी घेणार नाही म्हणाल्या.

"देव बोलून राहिला माह्यासंगं. त्याले कायले बंद करू?"

सोबत आलेला त्यांचा मुलगा चिडला. पास्टर नाही चिडले. मी कान देऊन ऐकत होते, कारण हा प्रश्न मलाही पडला होता. खरंच देव असला तर?

पास्टर त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी विचारलं, की मार्थाबाई, या एवढ्याशा गोळीत देवाचं तोंड बंद करायची ताकद असेल का? बाईंनी गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"नाई जी," त्या म्हणाल्या.

"मग घेऊन पाहा. देव असेल तर तो राहीलच."

बाईंनी गोळी घेतली. पुढच्या खेपेला आल्या तेव्हा चेहरा भरला होता. सुनेने डबा दिला होता आणि तो त्यांनी माझ्याच काऊंटरवर उघडला. डॉक्टरांनी आवाजाचं विचारलं. बंद झाला म्हणाल्या. वाईट वाटतं का, असं डॉक्टरांनी विचारल्यावर त्या जरा ओशाळल्या.

"मले तवाच समजाले पाह्यजे होतं. देव कधी सुनेच्या चुगल्या करते का जी?"

*

डिसेंबरात पास्टरांनी आमच्या डॉक्टरांना चर्चमध्ये बोलायला बोलावलं. डॉक्टर कोट घालून आले, अर्धा तास बोलले, छान बोलले. मग म्हणाले, प्रश्न विचारा. ऐंशी माणसं जमिनीकडे बघायला लागली. पीटरकाकांनी पुढचं ओळखून आधीच एक बिस्किटाचा डबा तयार ठेवला होता. नावाशिवाय चिठ्ठ्या टाका, म्हणाले.

डबा भरला. डॉक्टर एकेक चिठ्ठी वाचायला लागले. माझ्या एका मैत्रिणीला रडू येतं. माझ्या मित्राला गाडीत बसलं की धडधडतं. माझ्या मैत्रिणीला देव आपल्यावर रागावलाय असं वाटतं. माझ्या ओळखीच्या एकाला दारू सोडायची आहे. दहा-बारा वाचून झाल्यावर डॉक्टरांनी चष्मा वर केला. म्हणाले, "तुमची मंडळी एकदम ठणठणीत दिसते. फक्त मित्रमंडळी फार आजारी आहेत."

मोठा हशा झाला. हसण्यात सगळ्यात जास्त सुटका होती ती त्या मित्रमंडळींचीच.

शेवटी एक चिठ्ठी राहिली. डॉक्टरांनी ती वाचली. सगळे आपलं दुःख ज्याच्यापाशी आणून ठेवतात, त्याने स्वतःचं कुठे ठेवायचं?

तीत मित्र नव्हता, मैत्रीण नव्हती. अक्षर मला दुरूनच ओळखू आलं. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तेच अक्षर आहे.

डॉक्टरांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. याचं उत्तर सभेत देता येणार नाही, म्हणाले, पण मंगळवारी चारनंतर माझ्याकडे कुणी नसतं.

त्या मंगळवारी त्यांनी मला पावणेचारलाच घरी जायला सांगितलं. नंतरही बरेच मंगळवार सांगितलं. कोण येत होतं ते मी पाहिलेलं नाही.

*

माझं स्वतःचंही एक आहे, ते सांगून टाकते.

माझे मिस्टर दोन वर्षांपूर्वी अचानक गेले. रेल्वेत होते, ड्युटीवरून घरी आले आणि खुर्चीतच गेले. पंधरा दिवसांनी मी कामावर आले. सगळे म्हणाले, रूथताई खंबीर आहे. मलाही तसंच वाटत होतं. नऊ वर्षं हेच बघते आहे, आपल्याला काय होणार?

तीन महिन्यांनी एका सकाळी बाहेर भांडण लागलं. तीन माणसांकडे चौदा नंबर. तिघांनाही मीच दिलेला. डॉक्टर बाहेर आले, तिघांना शांत केलं, आणि मला म्हणाले, की आत येऊन पेशंटच्या खुर्चीत बसा.

त्यांनी विचारलं तेच, जे ते सगळ्यांना विचारतात. झोप कशी आहे? भूक लागते का? मला सगळ्या प्रश्नांची उत्तरं पाठ होती, पण ती दुसऱ्यांची होती. माझी सांगायला मला फार वेळ लागला.

बाहेर येऊन मी माझी फाईल केली. आमच्या फॉर्मवर एक रकाना असतो, सोबत कोण आलंय. तो मी रोज पन्नास वेळा भरते. त्या दिवशी तिथे रेघ मारली. सरोज मॅडम त्यांच्या नंबरसाठी काऊंटरशी उभ्या होत्या. त्यांनी फॉर्म उलटा असूनही वाचला. माझ्या हातातलं पेन घेतलं, रेघ खोडली आणि स्वतःचं नाव लिहिलं. खरं नाव. मग शाळेत फोन करून अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

*

आता याकोबकाका.

याकोबकाका रेल्वेतून पॉइंट्समन म्हणून रिटायर झाले. पंच्याहत्तरीचे. आमच्या उपासनेत एक वेळ असते, तेव्हा कुणालाही उभं राहून प्रार्थनेची विनंती करता येते. कुणी मुलाच्या परीक्षेसाठी करतं, कुणी गुडघ्यासाठी. याकोबकाकांची विनंती मी लग्न होऊन आले तेव्हापासून एकच. "बाहेरगावी असलेल्या माह्या भावासाठी." एवढं बोलून ते बसायचे. नवीन लोकांना वाटायचं भाऊ दुबईत आहे. एकदा तर एका तरुणाने त्यांना विचारलं होतं, की भावाला सांगून तिकडे नोकरीचं जमवता येईल का.

डॉक्टर चर्चमध्ये येऊन गेले, त्यानंतरच्या कुठल्याशा रविवारी काका नेहमीसारखे उभे राहिले. "बाहेरगावी असलेल्या," इथवर आले आणि थांबले. मग त्यांनी सांगितलं, की भाऊ बाहेरगावी म्हणजे मनोरुग्णालयात आहे. तिशीत असताना त्याचं डोकं बिघडलं, एकदा त्याने घरातलं सामान पेटवलं, तेव्हा वडिलांनी त्याला दूरच्या सरकारी दवाखान्यात नेऊन ठेवलं. गावात सांगितलं, कामाला गेला. वडील गेले, आई गेली, आणि सांगणं तसंच चालू राहिलं. तो केव्हाचाच बरा आहे, घरी न्या, अशी पत्रं तिथून येत होती. ती काकांनी ट्रंकेत ठेवली होती. "त्याचं नाव दानिएल हाय," ते म्हणाले आणि खाली बसले.

महिन्याभरात आम्ही त्याला आणायला गेलो. काका, पास्टर आणि मी. पीटरकाकांनी गाडी चालवली. दानिएल एक पिशवी घेऊन दारातच उभा होता. सत्तरीचा, बारीक, केस पांढरे. त्याने काकांकडे पाहिलं आणि म्हणाला, "म्हातारा झाला रे तू." परतीच्या वाटेवर दोघं मागच्या सीटवर दोन टोकांना बसले होते, मध्ये मी. शंभर किलोमीटर दोघंही खिडकीबाहेर बघत होते, एक या खिडकीतून, एक त्या.

दानिएलची औषधं आता आमच्या डॉक्टरांकडे चालू आहेत. पहिल्याच खेपेला त्याने मला विचारलं, की या खोलीत चहा केव्हा मिळतो. मिळत नाही म्हटल्यावर त्याला खरंच आश्चर्य वाटलं.

तो चर्चमध्ये पहिल्यांदा आला त्या रविवारी सगळे लवकर आले होते. पांढरा शर्ट, वरपर्यंत बटणं लावलेली, केसांना तेल. मोठी माणसं त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती. लहान मुलं सरळ मागे वळून बघत होती आणि तोही त्यांच्याकडे बघत होता. गाण्यांच्या वेळी तो उभा राहिला, गायला नाही. काका त्याच्या शेजारी अगदी ताठ बसले होते, काठावर बसल्यासारखे.

विनंत्यांची वेळ आली. एका आजीने गुडघे सांगितले. एका मुलीने बारावीचे पेपर सांगितले. पास्टर म्हणाले, आणखी कुणी?

दानिएल उभा राहिला. काकांनी त्याची बाही धरून खाली ओढली. त्याने बाही सोडवून घेतली.

"माह्या भावासाठी प्रार्थना करा," तो म्हणाला. आवाज स्वच्छ होता, मागच्या बाकापर्यंत गेला. "याले झोप नाही येत. उठते, माह्या दाराची बाहेरची कडी लागली का पाह्यते, पुन्हा जाऊन लेटते. रोजचं हाय. कायले भेते त मले मालूम नाही. मी त इथंच आहो."

तो बसला.

पास्टरांनी डायरी मिटली. उभे राहू या, म्हणाले. आम्ही सगळे उभे राहिलो. याकोबकाकांना मात्र जरा वेळ लागला.